नवा रस्ता उघडला की जुन्या पेठेचे काय होते? संगणकी खेळांतल्या बाजारांचा हिशेब

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझा भाचा दुकानात तोंड पाडून बसला होता. तो कोंडाण्याला राहतो, रोज कर्जतला येऊन आमच्या कापडाच्या दुकानात गल्ला सांभाळतो. हिशेबाला चोख आहे. मला वाटले, कुणाची उधारी बुडाली असेल. विचारले तेव्हा म्हणाला, "मामू, माझ्या तलवारीचा भाव गेला."

तलवार कसली हे मला प्रथम कळेना. मग उलगडा झाला. संगणकावर खेळायचा एक खेळ आहे. त्यात हजारो माणसे एकाच वेळी एका काल्पनिक मुलखात वावरतात. कुणी शिपाई होतो, कुणी वैद्य, कुणी शिंपी, कुणी लोहार. भाच्याने चार वर्षे रात्री जागून त्या मुलखात एक दुर्मिळ तलवार मिळवली होती. एका अनोळखी माणसाने तिचे खऱ्या पैशांत ४० हजार रुपये देऊ केले होते. भाव आणखी चढेल म्हणून याने दिली नाही. पुढे कंपनीने खेळात नवा प्रदेश उघडला. तिथे पहिल्याच आठवड्यात कुणालाही मिळणारी साधी तलवार याच्या तलवारीपेक्षा सरस निघाली. आता चार हजारांनाही कुणी विचारीत नव्हते.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर हसून सोडून दिली असती. पण भाच्याला पगारावर २५ हजारांची उचल हवी होती. नव्या प्रदेशातला माल लवकर घेऊन ठेवला तर भाव येईल, असे त्याचे म्हणणे. त्याच संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "भाई, उचल देशील तर आधी नीट विचारून घे. पोराला समजावण्याइतके मला त्यातले कळत नाही."

मलाही कळत नव्हते. पण माल, भाव आणि गिऱ्हाईक म्हटले की तो आपल्या धंद्याचा विषय झाला. दोन-तीन महिने सवड मिळेल तशी चौकशी केली, भाच्याला शेजारी बसवून वाचले, समजून घेतले. त्यातून जे हाती आले ते व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आज असा एखादा मुलगा आहे. शिवाय या काल्पनिक बाजारांवर जे गुदरले, ते आपल्या खऱ्या पेठांवर गुदरलेल्यापेक्षा फारसे वेगळे नाही.

चरखा, माग आणि ताका

या खेळांचे मूळ १९७८ सालचे. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा खेळ रचायला घेतला आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. त्यात चित्रे नव्हती, नुसती अक्षरे होती. पण एकाच जगात अनेक माणसे एकाच वेळी वावरू शकत, ही गोष्ट तेथून सुरू झाली. सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेत 'अल्टिमा ऑनलाइन' निघाला, मार्च १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट', मे २००३ मध्ये आइसलंडच्या कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' आणि नोव्हेंबर २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. या शेवटच्या खेळाला ऑक्टोबर २०१० मध्ये १ कोटी २० लाख माणसे दरमहा पैसे भरून खेळत होती.

कापडवाल्यांना गंमत वाटेल असा एक तपशील सांगतो. 'अल्टिमा'मध्ये मेंढीची लोकर कातरता येते, चरख्यावर तिचे सूत काढता येते, मागावर त्या सुताचा ताका विणता येतो आणि शिंपी होऊन त्याचे कपडे शिवता येतात. शिंप्याचा हात बसावा म्हणून शिवतच राहावे लागे. मग नव्या शिंप्यांनी ढिगाने कपडे शिवले. गिऱ्हाईक कुणालाच नव्हते. मागणी न पाहता माल काढला की काय होते, हे भिवंडीत माग चालवणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

त्या जगाचा मूळ बेत वेगळा होता. लोखंड, लाकूड, कातडे हा कच्चा माल एकूण ठरावीक असावा, एखादी वस्तू झिजली-मोडली की तो पुन्हा रानात-खाणीत परत यावा, अशी योजना होती. पण माणसांनी वस्तू मोडू दिल्या नाहीत. घरात, पेट्यांत साठवून ठेवल्या. रानात कच्चा माल उगवेनासा झाला आणि बेत सोडून द्यावा लागला. रानातल्या जनावरांचेही असेच झाले. हरणे गवत खातील, लांडगे हरणे खातील, असा समतोल आखला होता. माणसे आली आणि दिसेल ते जनावर मारीत सुटली. जमिनीचीही तीच गत. मोकळी जागा होती तिथे घरे उभी राहिली आणि मागाहून आलेल्यांना घर बांधायला जागा मिळेना. मुंबईत पागडी देऊन गाळा घेतलेल्या माणसाला ही कहाणी ओळखीची वाटेल.

टांकसाळ कुणाच्या हाती?

या जगांचा पहिला आजार म्हणजे नाण्यांचा महापूर. आपल्याकडे नोटा छापण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेकडे आहे. खेळात राक्षस मारला की त्याच्या अंगावरून सोन्याची नाणी मिळतात आणि राक्षस थोड्या वेळाने पुन्हा उभा राहतो. म्हणजे खेळणारा प्रत्येक जण टांकसाळ चालवीत असतो. जग नवे असते तेव्हा हे चालून जाते. पाच-सात वर्षांनी मात्र जुन्यांच्या पेट्या सोन्याने भरलेल्या असतात, ज्या वस्तूला पूर्वी शंभर नाणी पडत तिला लाख पडू लागतात आणि नव्याने आलेल्याच्या हातात ती शंभरच असतात.

म्हणून कंपन्यांना नाणी बाजारातून काढून घेण्याच्या वाटा शोधाव्या लागतात. हत्यारांची दुरुस्ती, घोडा विकत घेणे, घराचा खर्च, अशी निमित्ते काढली जातात. 'वॉरक्राफ्ट'च्या लिलावघरात विकलेल्या मालावर ५ टक्के अडत कापली जाते आणि ती कुणाच्याच खिशात जात नाही, नाहीशी होते. 'रूनस्केप' या इंग्रजी खेळाच्या जुन्या आवृत्तीने डिसेंबर २०२१ मध्ये बाजारातल्या विक्रीवर १ टक्का कर बसवला आणि त्यातल्या पैशाने कंपनी जास्तीचा माल विकत घेऊन नष्ट करू लागली. पडत्या भावाला सरकारने कापूस खरेदी करावा तशीच ही तऱ्हा. फरक इतकाच की इथे घेतलेला माल वखारीत न ठेवता जाळून टाकायचा.

या नाण्यांना खरी किंमत नाही असे कुणी म्हणेल. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने २००१ मध्ये 'एव्हरक्वेस्ट'मधल्या वस्तू आणि नाणी बाहेर डॉलरमध्ये काय भावाने विकली जातात ते पाहून हिशेब मांडला. त्या काल्पनिक मुलखाचे दरडोई उत्पन्न वर्षाला २,२६६ डॉलर निघाले, म्हणजे त्या वेळच्या रशिया आणि बल्गेरिया या देशांच्या मध्ये कुठेतरी. 'ईव्ह'च्या कंपनीने तर २००७ मध्ये एयोल्फुर गुडमुंडसन या अर्थशास्त्रज्ञाची नेमणूक केली. तो त्या जगाची महागाई मोजून दर तिमाहीला अहवाल काढीत असे. पुढे तो आइसलंडमधल्या अकुरेरी विद्यापीठाचा प्रमुख झाला. ज्या बाजाराला अर्थशास्त्रज्ञ ठेवावा लागतो, त्याला पोरखेळ म्हणून सोडून देता येत नाही.

जुना माल आणि नवा हंगाम

दुसरा आजार भाच्याला जडला तो. जग जुने झाले की सर्वांकडे सर्व काही असते. मग नवे गिऱ्हाईक येत नाही आणि जुने कंटाळते. त्यावर कंपनीचा ठरलेला उपाय म्हणजे विस्तार. नवा खंड, नवे राक्षस, नव्या पायऱ्या आणि पूर्वीपेक्षा सरस माल. 'वॉरक्राफ्ट'ने जानेवारी २००७ मध्ये पहिला विस्तार केला. त्याआधी ४० माणसांच्या टोळीने महिनोन् महिने झुंजून जी शस्त्रे मिळवली होती, त्यांच्या बरोबरीची किंवा सरस शस्त्रे नव्या मुलखात साध्या कामाच्या मोबदल्यात मिळू लागली. ज्यांनी घाम गाळला त्यांना वाईट वाटले. पण कंपनीने तसे केले नसते तर नवा माणूस जुन्यांच्या बरोबरीला कधीच आला नसता. दोन्ही बाजूंनी पाहिले म्हणजे कंपनीचे करणे अगदीच वाईट म्हणवत नाही.

कापडाचे उदाहरण इथेही आहे. त्या खेळात शिंप्याला प्रथम लिनन लागते, मग लोकर, रेशीम, मग 'मेजवीव्ह', 'रूनक्लॉथ'. २००७ च्या विस्ताराबरोबर 'नेदरवीव्ह' नावाचे कापड आले, २००८ च्या विस्तारात 'फ्रॉस्टवीव्ह', २०१० मध्ये 'एम्बरसिल्क'. दर विस्ताराला नवे कापड आणि कालचे कापड मागे. आपण पॉपलीन पाहिले, मग टेरीकॉटचा थाट पाहिला, मग सुरतेच्या पॉलिस्टरने सारे झाकून टाकलेले पाहिले. ज्याच्या वखारीत टेरीकॉटचे गठ्ठे राहिले त्याला विचारा.

पण या खेळात एक उलटी गोष्टही दिसते आणि ती व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जुने कापड अगदी मातीमोल होत नाही. नव्याने शिंपी होणाऱ्याला शिकताना जुनेच कापड लागते. पण जुन्या रानात ते गोळा करायला कुणी जात नाही, कारण सारे नव्या मुलखात गेलेले असतात. त्यामुळे कित्येकदा जुने रेशीम नव्या कापडापेक्षा महाग विकले जाते. मागणी थोडी, पण पुरवठा त्याहून थोडा. बाजारातून सर्वांनी मांजरपाट काढून टाकले आणि एकानेच ठेवले, तर त्याच्याकडे गिऱ्हाईक पायी चालत येते, तसेच हे.

विस्तारावर विस्तार झाले की आकडे फुगतात. 'वॉरक्राफ्ट'मध्ये माणूस ६० पायऱ्या चढत असे. २००७ मध्ये ७० झाल्या, मग ८०, ८५, ९०, १००, ११० आणि २०१८ मध्ये १२०. नव्या माणसाने इतक्या पायऱ्या कधी चढायच्या? शेवटी २०२० मध्ये कंपनीने सारी शिडीच आखूड करून वरची पायरी पुन्हा ६० केली. तुर्कस्तानने १ जानेवारी २००५ रोजी आपल्या लिरावरची सहा शून्ये पुसली, तोच प्रकार. शून्ये पुसल्याने कुणी गरीब झाला नाही आणि श्रीमंतही झाला नाही. हिशेब मात्र वाचता येऊ लागला.

रस्ता बदलला, पेठ हलली

तिसरी गोष्ट मला सर्वांत जवळची वाटली. 'एव्हरक्वेस्ट'मध्ये सुरुवातीला बाजार असा नव्हताच. पण बऱ्याच ठिकाणी माणसांनी आपण होऊन एक जागा ठरवली होती. पूर्वेकडच्या माळावर एक बोगदा होता, मोठ्या शहराकडे जाणारी वाट तेथून जाई. त्या बोगद्यात व्यापारी उभे राहून ओरडून माल विकीत. भाव करायचा, ओळख काढायची, उद्या ये म्हणायचे, असा खराखुरा आठवडे बाजार. डिसेंबर २००१ च्या विस्तारात कंपनीने चंद्रावर सरकारी बाजार बांधून दिला. तिथे माल मांडून माणूस झोपायला गेला तरी विक्री चालू राही आणि गिऱ्हाईक नाव टाकून सर्वांचे भाव एका नजरेत पाही. बोगदा ओस पडला. भाव खाली आले, सोय झाली, पण ओळखीवर चालणारा धंदा संपला.

दुसऱ्याच वर्षी, ऑक्टोबर २००२ मध्ये, आणखी एक विस्तार आला. त्यात अशी पुस्तके ठेवली होती की हात लावताच माणूस दूरच्या शहरी पोहोचे. तोवर काही मांत्रिक लोकांना मंत्राने एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचवीत आणि त्याचे पैसे घेत. टांगेवाल्यासारखा त्यांचा तो धंदा होता. पुस्तके आली आणि टांगे बसले. बंदरावर नावेची वाट पाहत गप्पा मारणारी माणसेही दिसेनाशी झाली.

'ईव्ह'ची गोष्ट तर आपल्या घाटाचीच वाटते. त्या खेळात ताऱ्यांमधून जाणारे मार्ग आहेत. सुरुवातीच्या वर्षांत मोठे मार्ग 'युलाई' नावाच्या ठिकाणी मिळत, म्हणून मोठी पेठ तिथे वसली. कंपनीने ते हमरस्ते काढून टाकले आणि युलाई उठली. व्यापार हळूहळू 'जिता' नावाच्या ठिकाणी गोळा झाला. जिताला पेठ करा असे कंपनीने सांगितले नव्हते. माल तिथे म्हणून गिऱ्हाईक तिथे, आणि गिऱ्हाईक तिथे म्हणून माल तिथे. आजही त्या जगाची मोठी बाजारपेठ तीच आहे.

आता आपल्या कोंडाण्याकडे पाहा. गावाजवळ डोंगरात बौद्ध लेणी आहेत, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराची. वर राजमाचीचा किल्ला. कोकणातल्या बंदरांकडून घाटमाथ्यावर जाणारा माल या बाजूच्या वाटांनी चढत असे. लेणी वाटेला धरून कोरली गेली आणि किल्ला वाटेवर नजर ठेवायला उभा राहिला. १८३० मध्ये इंग्रजांनी बोरघाटातून गाडीरस्ता काढला आणि बैलगाड्यांची रहदारी खोपोली-खंडाळ्याकडे वळली. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली आणि कर्जतला दिवस आले. घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिने जोडायला जी काही मिनिटे लागतात, त्या मिनिटांवर कर्जतच्या वडेवाल्यांचा धंदा उभा राहिला. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि जुन्या महामार्गावर खोपोलीकडच्या हॉटेलांची गर्दी पातळ झाली. आता खोपोली ते कुसगाव हा नवा जोडरस्ता घाट टाळून जाण्यासाठी हाती घेतला गेला. रस्त्यावर बसलेल्या प्रत्येक धंद्याने हे लक्षात ठेवावे की रस्ता आपल्या मालकीचा नसतो.

कोंडाण्याची लेणी मात्र राहिली. आज पावसाळ्यात तिथे मुंबई-पुण्याची तरुण मुले राजमाची चढायला येतात, गावात चहा-भाकरी घेतात. व्यापाराची वाट दुसरीकडे गेली, पण जागेची ओढ गेली नाही. पुढे जे सांगायचे आहे त्याचा याच्याशी संबंध आहे.

जुन्या गिऱ्हाइकाची नाराजी

चौथा आजार मालकाच्या घाईचा. 'स्टार वॉर्स गॅलक्सीज' नावाचा खेळ २००३ मध्ये निघाला. त्यात कारागीर, व्यापारी असे ३४ पेशे होते आणि लोकांनी स्वतःच्या दुकानांची गावे वसवली होती. गिऱ्हाईक अपेक्षेइतके वाढेना, तेव्हा नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने सारा खेळच बदलून ३४ पेशांचे ९ केले. खेळ सोपा केला की नवे लोक येतील असा अंदाज होता. जुने लोक दुखावून निघून गेले आणि नवे फारसे आले नाहीत. १५ डिसेंबर २०११ रोजी ते जग कायमचे बंद झाले. सहा-आठ वर्षे दुकान सजवलेल्यांची दुकाने त्या दिवशी दिवा विझावा तशी विझली.

'वॉरक्राफ्ट'ने डिसेंबर २०१० मध्ये जुना मुलूख पाडून नव्याने बांधला. नव्या पिढीला तो सोयीचा झाला, पण जुन्यांची ओळखीची गावे गेली. २०१० मध्ये १ कोटी २० लाखांवर असलेली गिऱ्हाइके २०१५ मध्ये ५५ लाखांवर आली आणि त्यानंतर कंपनीने आकडा सांगणेच सोडले. त्याला कारणे अनेक होती, केवळ हेच नव्हे. पण लोक जुन्या जगाची मागणी करीत राहिले. शेवटी ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने १५ वर्षांपूर्वीचा खेळ जसाच्या तसा वेगळा उघडून दिला आणि आत जायला रांगा लागल्या.

'रूनस्केप'ने हे आधीच केले होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये लोकांचे मत घेऊन २००७ सालची आवृत्ती पुन्हा चालू केली आणि नियम केला की या जगात नवे काही आणायचे तर आधी खेळणाऱ्यांचे मत घ्यायचे, १०० पैकी ७५ जण हो म्हणाले तरच आणायचे. पुढे २०२२ मध्ये ती अट ७० वर आणली. दुकानात नवा माल भरण्यापूर्वी रोजच्या गिऱ्हाइकाला विचारण्याची ही पद्धत आपल्या वडीलधाऱ्यांना परकी नव्हती.

चुकलेल्याला सावरण्याचे उदाहरणही आहे. जपानी 'फायनल फँटसी'चा चौदावा खेळ सप्टेंबर २०१० मध्ये निघाला आणि फसला. कंपनीने सबबी सांगितल्या नाहीत. नाओकी योशिदा या माणसाकडे काम सोपवले, काही काळ गिऱ्हाइकांकडून पैसे घेतले नाहीत, नोव्हेंबर २०१२ मध्ये जुने जग संपवले आणि ऑगस्ट २०१३ मध्ये नवे उभे केले. आज तो जगातल्या नामांकित खेळांपैकी आहे. खराब माल परत घेऊन चांगला देणाऱ्या दुकानदाराची पत वाढते, कमी होत नाही.

तलवार कुणाची?

आता मूळ प्रश्न. भाच्याची तलवार ही त्याची मालमत्ता होती का? बहुतेक कंपन्यांच्या करारात स्पष्ट लिहिलेले असते की खेळातली वस्तू कंपनीची आहे, खेळणाऱ्याला ती फक्त वापरायला दिली आहे. बाहेर खऱ्या पैशांत विकायलाही बहुतेक ठिकाणी मनाई असते आणि तसे करताना कुणी सापडला तर त्याचे खाते बंद होऊ शकते. म्हणजे त्या ४० हजारांच्या सौद्यात भाच्याच्या हाती पावती नव्हती, दाद मागायला जागा नव्हती. मालाचा भाव ठरवणारा, माल निर्माण करणारा, बाजार चालवणारा आणि नियम करणारा एकच, आणि तो उद्या शंभर नव्या तलवारी मोफत वाटू शकतो. अशा मालात भांडवल घालणे याला तिजारत म्हणता येणार नाही.

भाच्याने विचारले, "मामू, मग हा जुगारच का?" मी म्हटले, तसे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, त्यांची गोष्ट वेगळी. भूमिका घेऊन खेळायच्या या खेळात माणूस करमणुकीचे पैसे देतो, सिनेमाचे तिकीट काढावे तसे. तिकिटाचे पैसे परत येत नाहीत याचे कुणी दुःख करीत नाही. दुःख होते ते तिकिटाला शेअर समजल्यावर.

मी त्याला वहीत आकडे मांडायला लावले. चार वर्षांत खेळात गेलेले पैसे, घेतलेली सामग्री, जागलेल्या रात्री. त्याने स्वतःच बेरीज केली आणि बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "विकायची होती तेव्हा विकली असती तरी ते खरे उत्पन्न नव्हतेच. नशीब म्हणायचे." मला त्याचे हे बोलणे बरे वाटले.

उचल मी दिली नाही. त्याऐवजी त्याच्यापुढे दुसरे काम ठेवले. पनवेल-कर्जत नव्या लोहमार्गाचे काम सुरू झाल्यापासून आमच्या बाजूला इमारती वाढल्या. नव्या वस्तीजवळ गाळा घ्यावा की जुन्या पेठेतच राहावे, असा विचार माझ्या डोक्यात वर्षभर घोळत होता. भाच्याला म्हटले, तू चार वर्षे एका बाजाराचे भाव रोज पाहिलेस. कोणता माल लवकर पडतो, कोणता टिकतो, गर्दी कुठून कुठे हलते, हे तुला माझ्यापेक्षा लवकर दिसते. महिनाभर हिंडून नव्या वस्तीत काय विकले जाते ते लिहून आण.

त्याने आणले. नव्या वस्तीत तयार कपडे आणि पडद्यांचे कापड चालते, पण साडी, लुगडे आणि लग्नाचा बस्ता यासाठी माणसे आजही जुन्या पेठेत येतात, कारण तिथे बसून दाखवणारा आहे, उधारी समजून घेणारा आहे. आम्ही ठरवले की जुने दुकान तसेच ठेवायचे, नव्या वस्तीत लहान गाळा भाड्याने घ्यायचा आणि तो भाच्याने पाहायचा. जुन्या दुकानात माल बदलायचा असेल तर आधी रोजच्या गिऱ्हाइकांना विचारायचे. हे शेवटचे कलम भाच्याचे आहे आणि ते त्याने कुठून घेतले हे आता वाचकांना सांगायला नको.

तो अजूनही रात्री तासभर खेळतो. तलवार त्याने ठेवली आहे. गेल्या महिन्यात मी विचारले, आता भाव काय? म्हणाला, "मामू, आता विकायची नाही. ती मिळाली त्या रात्री आम्ही पंचवीस जण होतो, तेवढी आठवण राहू दे."